वळणावरची गाडी

रानशेतच्या एका विद्यार्थ्याने शाळेच्या प्रदर्शनासाठी रेल्वेची लहानशी प्रतिकृती मांडली होती. डहाणू रोड स्थानकावरून भरधाव जाणाऱ्या गाड्या त्याने पुष्कळदा पाहिल्या होत्या. आपली गाडीही तशीच धावावी, ही त्याची हौस. सरळ रुळांवर ती छान धावे. पण वेग वाढविला, की वळणावर बाहेरच्या बाजूस उलटून पडे. प्रदर्शन तर दुसऱ्याच दिवशी होते. बिचारा हिरमुसला होऊन बसला.

गुरुजींनी विचारले, "बाळ, घाटात एस. टी.ची गाडी वळली, की तुझे अंग कोणीकडे झुकते?"

"वळणाच्या बाहेरच्या बाजूला, गुरुजी."

"बरोबर. चालत्या वस्तूची ओढ सरळ जाण्याकडे असते. तिला वळवायचे, तर आतल्या दिशेने जोर लागतो. म्हणून लोहमार्गावर वळणाचा बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच बसवितात. गाडी आत कलते आणि रुळांचा आधारच तिला वळवू लागतो. वेग दुप्पट झाला, तर ही उंची चौपट लागते."

मुलाने लगेच बाहेरच्या रुळाखाली पुठ्ठ्याचे सात-आठ तुकडे एकदम सरकविले. डब्यांची लांब रांग जोडून गाडी सावकाश सोडली. पाहतो तो काय! मधले डबे आतल्या बाजूस कलंडले!

गुरुजी हसले. "पुढून इंजिन ओढते, मागून डब्यांचे ओझे ताणते, त्यामुळे मधले डबे आत खेचले जातात. त्यात तू कल फार दिलास आणि वेग ठेवलास कमी. एकाच मार्गावरून वेगवान गाडी जाते, तशी संथ मालगाडीही जाते. दोघींचा विचार करूनच उंची ठरवावी लागते. भारतातील रुंद मार्गावर दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असते. पण बाहेरचा रूळ सामान्यतः फार तर १६५ मिलिमीटर उंच करतात. म्हणजे सुमारे दहावा हिस्सा! तीही उंची एकदम देत नाहीत. हळूहळू चढवितात आणि हळूहळू उतरवितात."

मुलाने आपल्या रुळांतील अंतर मोजले. ते साडेसोळा मिलिमीटर भरले. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे दीड मिलिमीटरहून किंचित अधिक! मग त्याने पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. वळणाच्या आरंभी एक, पुढे दोन, मध्यावर तीन आणि शेवटी पुन्हा कमी, अशा त्या बसविल्या. वेगालाही मर्यादा घातली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात पाहुण्यांची गर्दी झाली. तो कल कोणाच्या लक्षातही आला नाही. गाडी मात्र दिवसभरात एकदाही पडली नाही.

स्वाध्याय

१. गाडी पहिल्यांदा बाहेर का पडली? दुसऱ्यांदा आत का कलंडली?
२. 'कलणे' आणि 'कलंडणे' यांतील फरक सांगून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
३. पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाची माहिती मिळवा.