शंभर तबकड्या

गाण्याला साथ देणारी गिटार तुम्ही ऐकली असेल. पण गाणे नसताना नुसती गिटार कोण ऐकणार?

जॉन फेही या अमेरिकन तरुणाला मात्र ती एकटीच पुरेशी वाटे. असे संगीत कोणतीही कंपनी काढणार नाही, हे तो जाणून होता. तो पेट्रोल पंपावर काम करीत असे. १९५९ साली, वयाच्या २० व्या वर्षी, त्याने पदरमोड करून आपल्या वादनाच्या १०० तबकड्या काढल्या. आपल्या गावावरून कंपनीला 'टाकोमा' हे नाव दिले. पुढे या कंपनीने इतर गिटारवादकांच्याही तबकड्या काढल्या.

२००१ साली फेहीचे निधन झाले. त्याची ती पहिली तबकडी अमेरिकेने २०१० च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत जतनासाठी निवडली.

मित्रांनो, कोणी विचारीत नाही म्हणून तो थांबला असता तर?