वरून निरोगी, आतून दाह : धूम्रपान आणि प्रदूषित हवा यांचा अभ्यास

अंबरनाथ पूर्वेकडील आनंदनगर येथील अतिरिक्त औद्योगिक क्षेत्राने परिसरातील अनेक कुटुंबांना रोजगार दिला. या रोजगाराबरोबर धूळ, आम्लांची वाफ, द्रावकांचे वायू आणि अवजड वाहनांचा धूरही आला. उल्हासनगर आणि बदलापूर या शेजारच्या शहरांचा समावेश २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनी नदीत सोडलेल्या रासायनिक टाकाऊ द्रव्यांतून वायू पसरून उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला. जून २०२१ मध्ये बदलापूर येथे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथ येथेही वायुगळतीमुळे नागरिक अस्वस्थ झाले होते.

अशा घटनांची नोंद होते, कारण त्रास तत्काळ दिसतो. दररोज थोडथोडी श्वासावाटे आत जाणारी प्रदूषके मात्र गाजावाजा करीत नाहीत. खोकला नाही, दम लागत नाही, म्हणून बिडी-सिगारेट ओढणारा कामगार स्वतःस निरोगी समजतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

दाह म्हणजे काय?

श्वासनलिकांच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा पातळ थर व केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. धुळीचे कण श्लेष्म्यात अडकतात आणि हे तंतू त्यांना वर ढकलतात. तंबाखूच्या धुराने तंतूंचे कार्य मंदावते. मग कण अधिक काळ आत राहतात व त्यांचा नाश करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, तेथे गोळा होतात. त्यांच्यातून स्रवणारी द्रव्ये कणांबरोबर शरीराच्या स्वतःच्या ऊतींनाही इजा करतात. हाच दाह होय.

अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अकस्मात मृत्यू पावलेल्या तरुणांची फुप्फुसे तपासण्यात आली. धूम्रपान करणाऱ्यांच्या अतिसूक्ष्म श्वासनलिकांत दाहाच्या खुणा आढळल्या. हे तरुण आजारी म्हणून कोणाच्याही नोंदीत नव्हते.

फुंकर मारण्याची चाचणी पुरेशी नाही

फुप्फुसांची क्षमता स्पायरोमीटरने मोजतात. परंतु दोन मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या नलिकांतील बिघाड या यंत्रास लवकर कळत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे पुढे संचालक झालेले डॉ. संदीप साळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांनी स्वीडनमध्ये १५ निरोगी स्वयंसेवकांना एक तास डिझेलचा विरल धूर श्वसनास दिला. सहा तासांनी दुर्बिणीद्वारे तपासणी करता त्यांच्या श्वासनलिकांत न्यूट्रोफिल व इतर दाहकारक पेशी वाढल्याचे दिसले. फुप्फुसक्षमतेची नेहमीची मापे मात्र बदलली नव्हती.

धूम्रपान करणाऱ्यांबाबतचे एक निरीक्षण याहूनही बोलके आहे. अमेरिकेत ओझोन वायूच्या प्रयोगात त्यांना अधूम्रपींपेक्षा कमी त्रास जाणवला व त्यांची फुंकर-चाचणीही कमी बिघडली. तथापि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील दाह सारखाच होता. त्रास न जाणवणे म्हणजे संरक्षण मिळणे नव्हे, हा याचा अर्थ.

मुंबईत के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शहरातील कमी-अधिक प्रदूषित वस्त्या व ग्रामीण वस्ती यांची तुलना केली. अधिक प्रदूषित वस्त्यांत खोकला व दम लागणे या तक्रारी अधिक आढळल्या. ही पाहणी तक्रारींपर्यंत पोहोचली. तक्रारीपूर्वीचा दाह शोधणे ही पुढची पायरी आहे.

पाहणी कशी असावी?

आनंदनगरसारख्या क्षेत्रात असा अभ्यास करावयाचा झाल्यास चार गट घ्यावे लागतील : कारखान्यात काम करणारे धूम्रपी व अधूम्रपी, आणि दूरच्या गावातील धूम्रपी व अधूम्रपी. तेव्हाच बिडीचा वाटा किती आणि हवेचा किती, हे वेगळे करता येईल. अन्यथा सर्व दोष बिडीवर टाकून कारखाना सुटतो, किंवा सर्व दोष कारखान्यावर टाकून बिडी सुटते.

क्षारयुक्त पाण्याची वाफ देऊन खोल छातीतील बेडका मिळविता येतो व त्यातील पेशी मोजता येतात. उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइडवरून अलीकडच्या धूम्रपानाची खात्री होते. उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडची चाचणी मात्र येथे फसवी ठरू शकते, कारण धूम्रपानाने ते प्रमाण घटते. तपासणी पाळीपूर्वी, पाळीनंतर व सुट्टीनंतर करावी. आजारपणामुळे काम सोडून गेलेल्यांनाही शोधावे. केवळ टिकून राहिलेले कामगार तपासल्यास चित्र खोटे निघेल. कोणासही मुद्दाम प्रदूषक हुंगविण्याची गरज नाही. सहभाग ऐच्छिक असावा, नीतिविषयक समितीची मान्यता घ्यावी आणि अहवालामुळे कोणाची नोकरी जाऊ नये.

सर्वांचे कर्तव्य

सूक्ष्म कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे २००९ चे राष्ट्रीय मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ ठेवली. अधिकाऱ्यांनी मोजमापाचे आकडे लोकांना समजतील अशा रीतीने जाहीर करावेत. पंचायत सदस्यांनी उघड्यावर कचरा जाळणे थांबवावे आणि रात्री सांडपाणी ओतणाऱ्या टँकरची माहिती प्रदूषण नियंत्रण मंडळास द्यावी. शिक्षकांनी मुलांना स्पष्ट सांगावे की, खोकला नसणे हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे.

धूम्रपान सोडल्यानंतर फुप्फुसक्षमतेची झपाट्याने होणारी घसरण मंदावते, हे ब्रिटनमधील फ्लेचर व पीटो यांनी १९७७ साली दाखवून दिले. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. बिडी विझविणे कामगाराच्या हाती आहे; परंतु तो जी हवा श्वासावाटे घेतो ती निवडणे त्याच्या हाती नाही. म्हणून व्यसनमुक्तीचा उपदेश आणि स्वच्छ हवेची व्यवस्था ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली पाहिजेत.