लेखनिकापासून हक्कांच्या कामापर्यंत

वसई

चि. भाच्यास,


दिव्यांगांसाठी काही करू पाहणाऱ्या कॉलेजातल्या मुलामुलींना सर्वांत सहज जमणारे काम म्हणजे परीक्षेतील लेखनिकाचे. ज्या विद्यार्थ्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात लिहिण्यासाठी चालत नाही, तो उत्तर सांगतो आणि लेखनिक ते जसेच्या तसे उतरवतो. पदरचे काही घालायचे नाही आणि चूक कळली तरी सुधारायची नाही, ही या कामाची शिस्त. अशा परीक्षार्थीला तासामागे किमान 20 मिनिटे जादा देण्याची तरतूद केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत होती. परीक्षार्थी स्वतः लेखनिक आणणार असेल, तर त्या सूचनांनुसार लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावे लागे. वसई, नालासोपारा, विरार इथल्या कॉलेजांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकड्यांना हे काम सहज हाती घेता येईल.

परीक्षेच्या खोलीत बसल्यावर लेखनिकाला बऱ्याच गोष्टी दिसू लागतात. खोली वरच्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. जादा वेळेचा नियम पर्यवेक्षकाला ठाऊक नाही. प्रश्नपत्रिकेतली आकृती शब्दांत कशी सांगायची, याची सोय कोणी केलेली नाही. चांगल्या लेखनिकामुळे त्या दिवसाचा पेपर पार पडतो. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी त्याच जिन्यापाशी अडतो. तो जिना अडचण ठरू नये म्हणून जे करावे लागते, तेच हक्कांचे काम.

या कामाला कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, नव्या कायद्यात 21 आहेत. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची तरतूद त्याच्या कलम 17 मध्येच आहे, म्हणजे ही सवलत कोणाच्या दयेवर अवलंबून नाही. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या विकास कुमार यांना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, कारण त्यांचे दिव्यांगत्व किमान 40 टक्क्यांच्या निकषात बसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी निकाल दिला की, लेखनिकाचा हक्क या निकषापुरता मर्यादित नाही. एका परीक्षार्थीने धरलेल्या आग्रहाने देशभरच्या परीक्षार्थींची वाट मोकळी झाली.

सेवा आणि हक्क हातात हात घालून कसे चालतात, हे मुंबईत धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पाहता येते. तिथे 2003 साली दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले. त्याची धुरा स्वतः दृष्टिबाधित असलेल्या सॅम तारापोरवाला यांनी सांभाळली. केंद्रात वाचून दाखवणे, पुस्तके वाचनीय स्वरूपात आणणे ही कामे चालतात. तसेच बँकांचे व्यवहार आणि पुस्तके दृष्टिबाधितांना खुली व्हावीत म्हणून पाठपुरावाही होतो. पुस्तक दृष्टिबाधितांना वाचता येईल अशा रूपात आणण्यात पूर्वी स्वामित्वहक्काचा कायदा आडवा येई. 2012 च्या दुरुस्तीने ही अडचण दूर झाली. अशा पुस्तकांविषयीच्या 2013 च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच.

वसई-विरारमध्येही अशा पाठपुराव्याला भरपूर वाव आहे. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. महापालिकेचा हा निधी कुठे गेला, हे माहिती अधिकारात विचारता येते आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. स्थानकातील लिफ्ट, दिव्यांगांच्या डब्यापर्यंत जाणारी वाट, प्रभाग कार्यालयाची पायरी, यांची तारखेसह आणि छायाचित्रासह नोंद ठेवता येते. दाद मिळाली नाही, तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करण्याची सोय कायद्याने दिली आहे. सार्वजनिक जागा सुगम करण्याचे मूलभूत निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी बजावले. अशा तक्रारीच्या अर्जात हा निकाल उपयोगी पडतो.

या वाटेवर एक मर्यादा काटेकोरपणे पाळावी लागते. जगभरातली दिव्यांग चळवळ एकच सांगत आली आहे: आमच्याविषयीचे निर्णय आमच्याशिवाय नकोत. म्हणून मागणी काय असावी, हे दिव्यांग व्यक्तींनी ठरवायचे. स्वयंसेवकाने कागद जमवायचे, अर्ज लिहायला मदत करायची आणि सुनावणीला सोबत जायचे. हात धरण्याआधी विचारावे आणि बोलणे सोबत्याशी न करता थेट त्या व्यक्तीशी करावे. परीक्षेच्या खोलीतली शिस्त इथेही तीच: शब्द त्यांचे, लेखणी स्वयंसेवकाची.

वसई-विरारच्या प्रत्येक तरुणाने निदान एका पेपराला लेखनिक व्हावे, आणि तिथे जे खटकले त्याचा एक अर्ज त्या विद्यार्थ्याच्या संमतीने, त्याच्यासोबत बसून लिहावा.

कळावे,
तुझा मामा