नोकरी सांभाळून कायद्याची पदवी : अटी, अडचणी आणि उपयोग

शासकीय कचेऱ्यांत, शाळांत आणि पंचायत संस्थांत काम करणाऱ्या अनेक पदवीधरांच्या मनात केव्हा ना केव्हा कायद्याचे शिक्षण घेण्याचा विचार येतो. कोणाला रोजच्या कामात कायद्याची कलमे अडतात, कोणाला बढतीची आशा असते, तर कोणी सेवानिवृत्तीनंतर वकिली करण्याचे मनाशी योजिलेले असते. हा विचार स्तुत्य आहे यात शंका नाही. तथापि या शिक्षणासाठी आयुष्यातील तीन वर्षे, गाठीचा पैसा आणि कुटुंबाच्या वाट्याचा वेळ खर्ची पडतो. म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी या पदवीच्या अटी कोणत्या, तिने काय साधते आणि काय साधत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

बदललेली परिस्थिती

महाराष्ट्रात कायद्याच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ मध्ये सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ पासून काही काळ त्याचे प्राचार्यपद भूषविले. पुण्याचे आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ चे. दिवसा कचेरीत काम करावयाचे आणि सकाळ-संध्याकाळच्या वर्गांना बसून एलएल.बी. व्हावयाचे, ही शहरांतील नोकरदारांची एके काळी रूढ वाट होती. अनेक नामवंत वकील या वाटेने पुढे आले. त्या काळच्या आठवणी ऐकून आजही पुष्कळांची अशी समजूत असते की, कायद्याचा अभ्यास हा फावल्या वेळेत करावयाचा अभ्यास आहे.

ही समजूत आता खरी राहिलेली नाही. वकिलांच्या व्यवसायाचे नियमन १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमान्वये होते आणि विधी शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम भारतीय विधिज्ञ परिषद म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया करते. परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे पदवीनंतरचा तीन वर्षांचा आणि बारावीनंतरचा पाच वर्षांचा, हे दोन्ही अभ्यासक्रम नियमित स्वरूपाचे आहेत. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने मिळविलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी परीक्षेत सर्वसाधारण प्रवर्गास ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांस ४२ टक्के आणि अनुसूचित जाती व जमातींस ४० टक्के गुण आवश्यक आहेत. महाराष्ट्रात २०१६ पासून प्रवेशासाठी सामाईक परीक्षाही द्यावी लागते. वयाची चिंता मात्र बाळगण्याचे कारण नाही. परिषदेने २०१६ मध्ये घालू पाहिलेल्या वयोमर्यादेस सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली.

हजेरीचे गणित

खरी अडचण वेळेची आहे. नियमांनुसार प्रत्येक सत्र किमान १५ आठवड्यांचे असते आणि आठवड्यास किमान २४ तास व्याख्याने होणे अपेक्षित असते. निवासी नसलेल्या महाविद्यालयांचे वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच भरवावयाचे असतात. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी असल्याखेरीज त्या विषयाच्या सत्रान्त परीक्षेस बसता येत नाही, असे नियम सांगतो. अपवादात्मक कारणास्तव ६५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, परंतु तेव्हाही सर्व विषयांची मिळून ७० टक्के हजेरी भरावी लागते.

आता हिशेब करून पाहू. आठवड्याचे २४ तास सहा दिवसांत विभागले, तर रोजचे चार तास होतात. सकाळी ८ ला वर्ग सुरू झाले तरी ते दुपारी १२ च्या सुमारास संपतील. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामकाजाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. या दोन वेळापत्रकांचा मेळ बसत नाही, हे उघड आहे. याशिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे वकिलांकडे, न्यायालयांत किंवा तत्सम ठिकाणी प्रत्यक्ष अनुभव घ्यावा लागतो. अभिरूप न्यायालयातील युक्तिवाद आणि खटल्यांचे निरीक्षणही करावे लागते. ही कामे कचेरीच्या वेळेतच होत असतात.

अशा वेळी, नाव महाविद्यालयात नोंदवावे, हजेरीची व्यवस्था कशीतरी लावून घ्यावी आणि परीक्षेपुरती रजा काढावी, असा मोह काहींना होतो. हा मार्ग अत्यंत घातक आहे. एकच मनुष्य एकाच वेळी दोन हजेरीपत्रकांवर उपस्थित असू शकत नाही. ज्या दिवशी ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवली जातील, त्या दिवशी पदवी आणि नोकरी दोन्ही धोक्यात येतील. सप्टेंबर २०२४ मध्ये विधिज्ञ परिषदेने काढलेल्या परिपत्रकाने, शिक्षण चालू असताना नोकरी करीत असल्यास ती जाहीर करणे आणि नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र सादर करणे आवश्यक केले. न्यायाचे शिक्षण खोट्या सहीने सुरू करणे हे कोणाच्याही हिताचे नाही.

मग कोणास शक्य आहे?

असे असले तरी नोकरदारांनी निराश होण्याचे कारण नाही. ज्यांची पाळी दुपारची किंवा रात्रीची असते, असे कर्मचारी सकाळचे वर्ग करू शकतात. दुपारच्या अधिवेशनातील शाळांच्या शिक्षकांनाही, महाविद्यालय जवळ असल्यास, हे साधू शकते. शासकीय कर्मचाऱ्याने प्रथम कार्यालयप्रमुखाची लेखी परवानगी घ्यावी आणि तिची नोंद जपून ठेवावी. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांत अभ्यास रजेची तरतूद आहे. मात्र ती हक्क म्हणून मागता येत नाही, आणि अभ्यासाचा आपल्या कर्तव्यक्षेत्राशी निकटचा संबंध दाखवावा लागतो. सरपंच व पंचायत सदस्य यांना मात्र कचेरीच्या वेळेचे बंधन नसते. जे पदवीधर आहेत, त्यांनी या संधीचा अवश्य विचार करावा.

पदवी आणि सनद

पदवी मिळाली म्हणजे वकिली करता येते, हीदेखील अपुरी समजूत आहे. पदवीनंतर राज्य विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि २०१० पासून लागू झालेली अखिल भारतीय परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणीचे शुल्क कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये, तर अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये आहे.

परंतु पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली ही दोन्ही एकाच वेळी करता येत नाहीत. परिषदेच्या नियम ४९ मध्ये ही मनाई आहे. १९९६ मध्ये महाराष्ट्रातीलच एका शल्यचिकित्सकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मिळावी, ही त्यांची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. २००१ मध्ये हिमाचल प्रदेशातील वीज मंडळाच्या एका विधी अधिकाऱ्याची नोंदणी याच तत्त्वावर रद्द ठरली. वकिली हा पूर्ण लक्ष मागणारा व्यवसाय आहे, ही या निर्णयांमागील भूमिका होय. तेव्हा सेवेत असताना पदवी घेणाऱ्याने सनदेचा विचार सेवानिवृत्तीनंतर किंवा राजीनाम्यानंतर करावयाचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

सेवेतील उपयोग

मग सेवेत असेपर्यंत या शिक्षणाचा उपयोग काय? तो पुष्कळ आहे. एक साधे उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीने रस्त्यावरील अतिक्रमण काढण्याचे ठरविले. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने तिला तसा अधिकारही आहे. परंतु संबंधितास नोटीस दिली नाही, त्याचे म्हणणे ऐकले नाही आणि आदेशात कारणे लिहिली नाहीत, तर अधिकार असूनही तो आदेश अपिलात टिकणे कठीण होते. रस्ता अडलेला राहतो आणि गावाचा वेळ व पैसा वाया जातो. दुसऱ्या बाजूस, ज्याचे खरोखरीच अतिक्रमण नव्हते, त्याचे घर केवळ ऐकून न घेतल्यामुळे पडण्याचाही संभव असतो. दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व ज्याच्या अंगी मुरले आहे, त्याच्या हातून अशी चूक सहसा होत नाही. विभागीय चौकशी, माहितीच्या अधिकारातील अर्ज, शाळाप्रवेश, जमिनीच्या नोंदी या सर्वच कामांत हे तत्त्व उपयोगी पडते.

एवढ्या ज्ञानासाठी पदवी आवश्यकच आहे असे नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने मानवी हक्क आणि ग्राहक संरक्षण यांसारख्या विषयांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालविले आहेत. पुण्याच्या यशदा संस्थेत अधिकारी व लोकप्रतिनिधी यांना प्रशिक्षण दिले जाते. आपल्या कामाशी संबंधित अधिनियम मुळातून वाचण्याची सवय तर कोणासही लावून घेता येईल. जुनी पुस्तके वापरताना एक सावधगिरी बाळगावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले आहेत. त्यामुळे कलमांचे क्रमांकही बदलले आहेत.

सारांश, ज्यास नियमित वर्गांना बसणे शक्य आहे, त्याने रीतसर परवानगी घेऊन पदवीचा मार्ग निःशंकपणे धरावा. ज्यास ते शक्य नाही, त्याने पदवीच्या नावाखाली आडवाट न धरता कामापुरत्या कायद्याचा कसून अभ्यास करावा. दाराशी आलेल्या नागरिकाचे म्हणणे ऐकून घेऊन, नियमास धरून आणि कारणे नमूद करून दिलेला निर्णय हेच या अभ्यासाचे खरे फळ होय.