एका व्यवहारापुरता अधिवास

'अधिवास' म्हटले की आपल्याकडे तहसील कचेरीतून मिळणारा दाखला आठवतो. शैक्षणिक प्रवेश किंवा नोकरी यांपलीकडे या शब्दाचा विचार सहसा होत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र अधिवास म्हणजे व्यक्तीला जेथे गाठता येते ते ठिकाण. नोटीस कोठे बजवावयाची आणि दावा कोणत्या न्यायालयात लावावयाचा, हे पुष्कळदा त्यावरून ठरते.

रोमन परंपरेतील संहिताबद्ध नागरी कायद्यांनी या कल्पनेला एक उपयुक्त जोड दिली आहे. माणसाचा खरा अधिवास कायम ठेवून, एखाद्या विशिष्ट व्यवहारापुरते दुसरे ठिकाण त्याला निवडता येते. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेतील कलम १११ याविषयीचे आहे. इटलीच्या १९४२ च्या संहितेचे कलम ४७ आणि पोर्तुगालच्या १९६६ च्या संहितेचे कलम ८४ हीच मुभा देतात; मात्र निवड लेखी हवी, अशी दोन्हींची अट आहे. (गोव्यात जिचा कौटुंबिक भाग आजही लागू आहे, ती पोर्तुगीज संहिता १८६७ ची, ही नव्हे.)

समजा, ल्यों येथील व्यापाऱ्याने पॅरिसमधील सावकाराकडून कर्ज घेतले आणि करारात पॅरिसच्या एका नोटरीचे कार्यालय आपला अधिवास म्हणून लिहून दिले. आता त्या कर्जाची नोटीस नोटरीकडे बजावली तरी ती व्यापाऱ्यावरच बजावली असे धरले जाते. नोटरीने कागद पुढे पाठविला नाही, तर व्यापारी त्याच्याकडे भरपाई मागू शकेल. पण बजावणी रद्द होत नाही. कर्जदार वारला तरी ही निवड वारसांना बांधते. सावकाराच्या सोयीसाठी केलेली निवड कर्जदाराला एकट्याने मोडता येत नाही. इतर व्यवहारांत मात्र त्याचा अधिवास ल्योंच राहतो.

ही सोय नेहमी बलवत्तर पक्षाचीच असते असे नाही. १८०४ च्या मूळ संहितेप्रमाणे गहाणाची नोंद करणाऱ्या धनकोने नोंदणी कार्यालयाच्या हद्दीतच अधिवास निवडणे बंधनकारक होते. ऋणकोला त्याच्या शोधात परगावी जावे लागू नये, हा हेतू. विवाहाला हरकत घेणाऱ्यानेही विवाह जेथे व्हावयाचा त्या गावी अधिवास निवडावा, असे त्याच संहितेचे कलम १७६ सांगते. दूरवर बसून हरकतीचा कागद धाडावयाचा आणि वधूवरांना ती उठविण्यासाठी धावावयास लावावयाचे, हा खोडसाळपणा त्यामुळे चालत नाही. आमच्या मते ही तरतूद अत्यंत मार्मिक आहे.

उलट, छापील करारातून सामान्य माणसाला दूरच्या न्यायालयात ओढण्याचा धोकाही फ्रान्सने ओळखला. १९७५ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ४८ असे की, प्रादेशिक अधिकारक्षेत्र बदलणारे कलम, सर्व पक्ष व्यापारी म्हणून करार करीत असल्याखेरीज आणि ते ठळकपणे लिहिलेले असल्याखेरीज, लिहिलेच नाही असे समजावे. कलम १११ ला याच मर्यादेने बांधले आहे.

आपल्याकडे निवडलेल्या अधिवासाची अशी स्वतंत्र तरतूद दिवाणी कायद्यात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० नुसार प्रतिवादी जेथे राहतो वा धंदा करतो, किंवा दाव्याचे कारण जेथे घडते, तेथे दावा लागतो. यांपैकी अनेक न्यायालयांना अधिकार असेल, तर पक्षकार त्यांतील एकाची निवड करारात करू शकतात. हाकम सिंग विरुद्ध गॅमन (इंडिया) या १९७१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वाराणसीत लावलेल्या दाव्याबाबत मुंबईचे न्यायालय ठरविणारे कलम ग्राह्य धरले. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला मात्र पक्षकारांच्या संमतीने तो मिळत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

तेव्हा यंत्रखरेदीच्या वा कर्जाच्या छापील कागदावर गावकऱ्याची सही घेतली जात असेल, तर पंचायत सदस्याने वा शिक्षकाने शेवटच्या पानावरील 'न्यायालय' आणि 'पत्रव्यवहाराचा पत्ता' ही दोन कलमे त्याला मोठ्याने वाचून दाखवावीत. पत्ता बदलल्यास तो कोणास व किती दिवसांत कळवावयाचा, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.