वाचकांचे प्रश्न : लग्नाचे फोटो नक्की कोणाचे?

प्रश्न : आमचं लग्न फेब्रुवारीत सांगलीला आहे. फोटोग्राफरने व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलंय. सगळ्यात खाली लिहिलंय, 'कॉपीराइट स्टुडिओकडे राहील, रॉ डेटा मिळणार नाही.' पैसे आमचे आणि हक्क त्यांचा, हे कायद्यात बसतं का?

उत्तर : तुम्ही त्या मेसेजला 'ओके' म्हणालात तर बसतं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोंचे आणि व्हिडिओचे पहिले मालक काम सांगणारेच असतात. मात्र 'उलट करार नसेल तर' अशी अट त्याच कलमात आहे आणि तुमच्या कोटेशनमधली ती ओळ म्हणजे हा उलट करार. म्हणून अ‍ॅडव्हान्स देण्याआधी ती काढायला लावा. अ‍ॅडव्हान्स गेल्यावर कोणी ऐकत नाही.

स्टुडिओला पूर्ण नाही म्हणू नका, असं मी सुचवेन. त्यांना पुढची कामं फोटो दाखवूनच मिळतात. 'आम्ही पसंत केलेले 20 फोटो इन्स्टाग्रामवर टाकता येतील, हळदीचे आणि लहान मुलांचे टाकायचे नाहीत,' असं लिहून घ्या. बहुतेक जण तयार होतात.

रॉ फाइलचं गणित वेगळं आहे. कॉपीराइट तुमचा असला तरी एडिट न केलेली प्रत्येक फाइल हातात मिळेलच असं नाही, ते करारावर ठरतं. हव्या असतील तर 'सर्व फाइल हार्ड डिस्कवर, डिस्क आमची, अमुक तारखेपर्यंत' एवढं लिहा.

आणखी एक. '2 फोटोग्राफर, 2 व्हिडिओग्राफर, 1 ड्रोन' यावर समाधान मानू नका. दाट मुहूर्ताच्या दिवशी एकाच स्टुडिओकडे तीन-तीन लग्नं असतात. ज्यांचं काम पाहून तुम्ही ठरवलं ते दुसऱ्याच कार्यालयात आणि तुमच्या अंतरपाटासमोर कालपरवा लागलेला पोरगा, हे होतं. प्रत्यक्ष कोण येणार त्यांचं नाव, सीमांतपूजनापासून की थेट मंगलाष्टकांपासून, अल्बमची पानं किती, हे सगळं लेखी हवं. करार वधू-वरांच्या नावाने करा. पुष्कळदा बुकिंग मामा करतात, पैसे वधूपिता देतात आणि पुढे मालक कोण, तक्रार कोणी करायची, यावरच घोळ होतो.

प्रश्न : आजी गेल्यामुळे लग्न दोन महिने पुढे ढकललं. नव्या तारखेला स्टुडिओ रिकामा नाही. 60 हजारांपैकी दिलेले 30 हजार 'नॉन-रिफंडेबल' म्हणून परत करत नाहीत. काही करता येईल?

उत्तर : येईल, पण पूर्ण रकमेवर अडून बसू नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 खाली नुकसानभरपाई वाजवीच असावी लागते. कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं, की नुकसानच झालं नसेल तर अनामत जप्त करता येत नाही. तेव्हा विचारा : जुन्या तारखेला त्यांना दुसरं काम मिळालं का? मिळालं असेल तर निम्मे पैसे गिळण्याला आधार उरत नाही. तुम्ही चार दिवस आधी कळवलं असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी आहे. तडजोड करा, उरलेले पैसे बारशाच्या वा वाढदिवसाच्या शूटमध्ये वळते करून घ्या.

प्रश्न : 'बिल हवं तर 18 टक्के जास्त' म्हणतात. बिलाशिवाय केलं तर बिघडतं का?

उत्तर : बिघडतं. स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल तर त्यांना कर लावून बिल द्यावंच लागतं. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असून नोंदणी नसेल तर त्यांनी जीएसटी घ्यायचाच नाही, साधी पावती द्यायची. पैसे यूपीआयने द्या, नोंदीत 'लग्न फोटो अ‍ॅडव्हान्स' लिहा आणि चॅट डिलीट करू नका. अल्बम रखडला तर आधी लेखी नोटीस पाठवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहा.