महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षक : संख्या आणि कामे

संघ जिंकला की टाळ्या खेळाडूंना मिळतात आणि हरला की बोट प्रशिक्षकाकडे जाते. परंतु प्रशिक्षकाने नेमके काय करावयाचे असते, आणि महाविद्यालयाच्या संघाला एक प्रशिक्षक पुरतो काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

तुलनेसाठी प्रथम एक परदेशी उदाहरण घेऊ. लॅक्रॉस हा मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासींचा खेळ. काठीच्या टोकाला जाळी असते. त्या जाळीत रबरी चेंडू झेलायचा आणि धावत जाऊन प्रतिपक्षाच्या गोलात फेकायचा. पुरुषांच्या मैदानी खेळात एका बाजूस दहा खेळाडू असतात. १९०४ व १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ होता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी त्याची पुन्हा निवड झाली आहे. अमेरिकेत पुरुषांच्या महाविद्यालयीन संघांची राष्ट्रीय स्पर्धा १९७१ पासून भरते. तेथील मोठ्या विद्यापीठांच्या संघांना मुख्य प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली सहायक असतात. कोणी आक्रमण शिकवतो, कोणी बचाव, कोणी गोलरक्षकाकडे लक्ष देतो. शिवाय व्यायाम करून घेणारे आणि दुखापत पाहणारे वेगळे.

हे वाचून प्रथम वाटते की हा श्रीमंतीचा थाट आहे. पैशाचा भाग त्यात आहेच. पण नीट पाहिले तर ती कामाची वाटणी आहे. गोल अडवणे आणि गोल करणे या दोन विद्या निराळ्या; म्हणून शिकवणारेही निराळे.

आता आपल्या खो-खोकडे वळू. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांत बसवले. आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. समोर एका वेळी तिघांची तुकडी पळते. पाठलाग करणाऱ्याला खो नेमका कधी द्यावा हे कळावे लागते, खुंटावर झेप घ्यावी लागते, सूर मारावा लागतो. पळणाऱ्याला हुलकावणी, दम आणि थंड डोके लागते. म्हणजे येथेही विद्या दोन आहेत. आपल्याकडे मात्र शारीरिक शिक्षण संचालक एकच. तेच खो-खो पाहतात, तेच कबड्डी, व्हॉलीबॉल आणि धावण्याच्या शर्यती. विद्यापीठाचे प्रवेश-अर्ज भरणे आणि साहित्याचा हिशेब ठेवणे हेही त्यांच्याकडेच.

माझ्या मते महाविद्यालयीन संघाची कामे चार आहेत. पहिले, तंत्र शिकवणे. दुसरे, शरीर घडवणे आणि जपणे. तिसरे, निवड. चौथे काम कोणत्याच पत्रकात लिहिलेले नसते; ते म्हणजे खेळाडूच्या पाठीशी उभे राहणे, त्याच्यासाठी जामीन होणे.

या चारही कामांचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. कुस्तीतले त्यांचे पहिले गुरू वडीलच. अंगाने लहान म्हणून महाविद्यालयाच्या स्पर्धेत त्यांना घेण्यास नकार मिळाला, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी त्यांना उतरू दिले. निवडीचे काम येथे प्राचार्यांनी केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी रीस गार्डनर या परदेशी मल्लाने त्यांना शिकवले. मातीत खेळलेला हा मल्ल लंडनला गादीवर खेळला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

वडील, परदेशी मल्ल आणि प्राचार्य, तिघे मिळून खाशाबांच्या पाठीशी होते. यांतील प्राचार्यांनी एकही डाव शिकवला नाही. तरी त्यांना वगळून ते पदक येत नाही.

खेड्यातून येणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर हे चौथे कामच पहिले ठरते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. कापूस वेचणीच्या दिवसांत सराव म्हणजे शेतातले दोन हात कमी. संध्याकाळची एस.टी. चुकली तर घरी जायचे कसे, ही चिंता निराळी. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी बाहेरगावी राहायचे ठरले, तेव्हा वडिलांनी एकच विचारले, “पोरले कोनाना भरोसावर धाडू?” सरावाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आमच्या एक प्राध्यापिका घरी आल्या, ओसरीवर बसून आईशी बोलल्या, आणि “मी स्वतः सोबत आहे,” असे सांगून गेल्या. मला परवानगी मिळाली. त्या बाईंना खो-खोचे नियमही पूर्ण ठाऊक नाहीत. तरीही त्या वर्षी त्या आमच्या प्रशिक्षकवर्गातल्याच होत्या, असे मी म्हणते. आमच्यातील दोघी मात्र घरून होकार न आल्याने मागे राहिल्या. त्यातली एक माझ्यापेक्षा सरस पळते.

तंत्राला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून हे कार्य करीत आहे. गोपाळ पुरुषोत्तम फडके यांना २००० साली खो-खोच्या प्रशिक्षणासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या महिला संघाने महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८-४० असे हरवले. असे यश शास्त्रशुद्ध शिक्षणावाचून येत नाही. पण शिकण्यासाठी मुलगी आधी मैदानावर यावी लागते.

अमेरिकेसारखे सहायक नेमणे आपणास परवडणार नाही. कामाची वाटणी मात्र परवडेल. गावातील माजी खेळाडूंपैकी एकाने आठवड्यातून दोन दिवस पाठलाग घ्यावा, दुसऱ्याने पळती. सराव शेवटच्या एस.टी.च्या आधी संपेल असे वेळापत्रक असावे. आणि प्रत्येक वर्षी एका प्राध्यापिकेचे नाव संघाबरोबर जून महिन्यातच जाहीर व्हावे, म्हणजे पालकांच्या प्रश्नाचे उत्तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी शोधावे लागणार नाही. मागे राहिलेल्या दोघी यंदा तृतीय वर्षात जातील. त्यांना खेळण्यासाठी ते एकच वर्ष उरले आहे.